वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयाच्या रेडिओचा इतिहास कुठे शोधावा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे महाविद्यालयांच्या रेडिओ केंद्रांविषयीची निघाली, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे लांब होती. येथे त्यांचा सारांश देत आहे.

प्रश्न : माझी नात शिकते त्या महाविद्यालयात रेडिओ केंद्र आहे. तिचे म्हणणे असे की, कॉलेज रेडिओ ही मुळात परदेशी कल्पना असून आपल्याकडे ती २००४ साली आली. माझे वडील मात्र निजामाच्या काळी औरंगाबादला रेडिओ केंद्र असल्याचे सांगत. खरे कोणाचे धरावे?
— एक निवृत्त शिक्षक, परभणी जिल्हा

उत्तर : आपल्या नातीने सांगितलेले साल बरोबर आहे आणि आपल्या वडिलांची आठवणही बरोबर आहे, फक्त त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी वडिलांची आठवण पाहू. देश स्वतंत्र झाला तेव्हा ऑल इंडिया रेडिओच्या वाट्याला दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ अशी सहाच केंद्रे आली होती. संस्थानांची केंद्रे निराळी होती. निजामाच्या राज्यात हैदराबादखेरीज औरंगाबादलाही केंद्र होते आणि ही दोन्ही केंद्रे १९५० साली ऑल इंडिया रेडिओत सामील झाली. तो रेडिओ अर्थातच दरबाराचा होता. १७ सप्टेंबर १९४८ या दिवशी निजामाने शरणागतीचे भाषण केले तेही हैदराबादच्या रेडिओवरूनच. आपल्या वडिलांच्या पिढीतल्या अनेकांच्या मनात रेडिओ आणि मुक्तिसंग्राम एकत्र गुंतलेले असतात, त्याचे एक कारण हे असावे.

आता नातीचे म्हणणे. भारतातले पहिले परवानाधारक कॅम्पस रेडिओ केंद्र चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे. ते १ फेब्रुवारी २००४ रोजी ९०.४ मेगाहर्ट्झवर सुरू झाले. शिक्षणसंस्थांना असा परवाना देण्याचे धोरण केंद्र सरकारने डिसेंबर २००२मध्ये मंजूर केले होते. तथापि ही कल्पना केवळ परदेशी आहे, हे मात्र मला मान्य नाही. म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या 'विठ्ठल विहार' या राहत्या घरी अवघ्या ३० वॉटचा ट्रान्समीटर बसवून प्रसारण सुरू केले. त्या केंद्राचे नाव 'आकाशवाणी' होते आणि पुढे साऱ्या देशाच्या सरकारी रेडिओने तेच नाव घेतले. अमेरिकेत विद्यार्थ्यांनी चालवलेल्या रेडिओचा आरंभ म्हणून ज्याचा नेहमी उल्लेख होतो, ते ब्राऊन विद्यापीठातले जाळे १९३६चे, म्हणजे म्हैसूरच्या पुढच्या वर्षीचे. तिथल्या मुलांनी हवेत लहरी सोडण्याऐवजी वसतिगृहांच्या इमारतींमधून तारा फिरवून आवाज खोल्याखोल्यांत पोहोचवला होता. म्हैसूरचे केंद्र एका प्राध्यापकाच्या हौसेतून उभे राहिलेले, तर ब्राऊनचे जाळे विद्यार्थ्यांच्या खटपटीतून.

मग १९३५ ते २००४ एवढा मोठा खंड का पडला, असे आपण विचाराल. १८८५च्या तार कायद्याने बिनतारी संदेशवहनाची सारी सत्ता सरकारच्या हाती ठेवली होती आणि स्वातंत्र्यानंतरही तो कायदा तसाच राहिला. त्याला पहिला मोठा धक्का बसला तो क्रिकेटमुळे. १९९३च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून माहिती व नभोवाणी मंत्रालय आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात जो वाद झाला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. महाविद्यालयाच्या छपरावर आज जो मनोरा दिसतो, त्याचा कायदेशीर पाया त्या निकालात आहे.

मराठवाड्याच्या वाचकांसाठी आणखी एक दुवा सांगतो. उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागून हुमनाबाद मागे टाकले की जहिराबाद येते. त्याच्याजवळच्या पस्तापूर गावाचे नाव सामुदायिक रेडिओच्या, म्हणजे एखाद्या समुदायाने स्वतःसाठी चालवलेल्या रेडिओच्या, २०००च्या जाहीरनाम्याला मिळाले आहे. तिथल्याच परिसरात, माचनूर येथे, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या स्वयंसेवी संस्थेच्या दलित शेतकरी महिलांनी १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संगम रेडिओ' सुरू केला. परवाना मिळण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून या बायका कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून गावोगावच्या संघांच्या बैठकांत कॅसेट वाजवीत असत. हा सारा मुलूख एकेकाळी आपल्याच हैदराबाद संस्थानातला. आपल्याकडच्या महाविद्यालयांनी चेन्नई-पुण्याकडे पाहण्याआधी हे शेजारघर पाहायला हवे होते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचे केंद्र डोंगरापलीकडच्या तांड्यावर खणखणीत ऐकू येते आणि मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या वसतिगृहात खरखर येते. हे उलटे कसे?
— बी.एस्सी.चा एक विद्यार्थी, लातूर जिल्हा

उत्तर : आपण लिहिल्याप्रमाणे तांडा बालाघाटाच्या माथ्यावर आणि वसतिगृह खालच्या खोलगट भागात आहे. उत्तर त्यातच आहे. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. जिथून मनोऱ्याचे टोक दिसते, तिथे त्या पोहोचतात. आकाशवाणीच्या मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जात, म्हणून परभणी केंद्र कुठल्या कुठे लागत असे. एफएमचे तसे नाही. त्यातही महाविद्यालयाच्या केंद्रासारख्या सामुदायिक केंद्राला साधारणपणे १०० वॉटपर्यंतच प्रभावी शक्ती आणि जमिनीपासून ३० मीटरपर्यंतच उंच अँटेना लावता येते, त्यामुळे दहा-बारा किलोमीटरच्या पुढचे गाव लागले तर ते भाग्य समजावे. शिवाय एकावर एक बसवलेल्या डायपोलांची, म्हणजे धातूच्या दांड्यांच्या जोड्यांची, अँटेना आपली बहुतेक शक्ती क्षितिजाच्या दिशेने फेकते; तिच्या अगदी पायथ्याशी सावली पडल्यासारखे होते. समईखाली अंधार असतो, तसेच हे.

घरगुती उपाय करून पाहा. ९०.८ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३.३ मीटर भरते आणि तिचा चौथा भाग म्हणजे ८२-८३ सेंटिमीटर. मोबाइलच्या इअरफोनची वायरही साधारण तेवढीच किंवा थोडी लांब असते, म्हणूनच ती अँटेनाचे काम करते आणि ती लावल्याशिवाय बहुतेक फोनवर एफएम सुरूच होत नाही. वायरचा गुंडाळा सोडून ती सरळ खिडकीपाशी टांगा. तरीही लागले नाही, तर खोली बदलण्यापेक्षा गच्चीवर जाणे सोपे.

प्रश्न : आमच्या भागात एवढ्या घडामोडी होतात, पण कॉलेजचा रेडिओ बातम्या का देत नाही? संस्थाचालकांची भीती आहे का?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : भीती असेलही, पण कारण ते नाही. परवान्याच्या अटींप्रमाणे सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा, किंवा स्थानिक भाषेत उतरवून, देण्याची मुभा नंतरच्या काळात मिळाली. मात्र हवामान, परीक्षांचे निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, वीज आणि पाण्याच्या वेळा, आपत्तीच्या सूचना यांना बातमी समजले जात नाही. टँकर उद्या कोणत्या गल्लीत येणार, हे सांगण्यास कोणाचीही आडकाठी नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे त्याहून मोठी बातमी दुसरी कोणती असते? ही माहिती न देणाऱ्या केंद्राने नियमाकडे बोट दाखवू नये.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या रेडिओ केंद्राचा इतिहास स्मरणिकेसाठी लिहिण्याचे काम प्राचार्यांनी माझ्याकडे दिले आहे. हाती आहे ती एक फाइल : उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका, पाहुण्यांची छायाचित्रे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे. जुने एकही ध्वनिमुद्रण शिल्लक नाही. एवढ्यावर इतिहास कसा लिहावा?
— एक ग्रंथपाल, मराठवाडा

उत्तर : आपले पत्र वाचून मला माझीच गोष्ट आठवली. काही वर्षे मी मराठवाड्यातल्याच एका महाविद्यालयाच्या केंद्रात संध्याकाळच्या सभेला, म्हणजे प्रसारणाच्या सत्राला, स्वयंसेवक म्हणून बसत असे. केंद्राची सगळी ध्वनिमुद्रणे एकाच संगणकात होती. एकदा संगणक संथ झाला म्हणून दुरुस्तीला दिला आणि तो नवाकोरा होऊन परत आला. त्यात आधीच्या चार वर्षांचे सारे कार्यक्रम गेले. कोणाला फारसे दुःख झाले नाही, कारण परवान्याच्या करारात प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावेत अशी अट आहे आणि आम्ही ती अट उलटी वाचली होती. तीन महिने ठेवलेच पाहिजे, एवढेच ते कलम सांगते. त्यानंतर पुसून टाका, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. तक्रार आली तर तपासता यावे, एवढ्यापुरती केलेली ती तरतूद आपल्या बहुतेक केंद्रांत साफसफाईचा नियम होऊन बसली आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणे का नाहीत, याचे उत्तर मला वाटते यातच मिळेल, आणि इतिहासात ते स्पष्टपणे लिहायला हरकत नाही.

तेव्हा पहिले काम हे की, त्या फाइलीतली कात्रणे बाजूला ठेवा. उद्घाटनाला कोण आले होते, हा त्या पाहुण्यांच्या चरित्राचा भाग झाला. केंद्राचा इतिहास दुसऱ्याच दिवशी सुरू होतो, जेव्हा मंडप निघालेला असतो आणि पुन्हा तासभर काहीतरी वाजवायचे असते. तो इतिहास सापडतो लॉगबुकात. रोज ट्रान्समीटर किती वाजता सुरू झाला, काय वाजले, काय वाजायचे होते आणि वाजले नाही, वीज कधी गेली, कोण आले, कोण आले नाही, हे ड्यूटीवरच्या मुलाने बॉलपेनने लिहून ठेवलेले असते. संगणकाची तबकडी कोरी होते, पण ही वही सहसा फेकली जात नाही; ती स्टुडिओच्या कपाटावर, जुन्या मिक्सरच्या खोक्याखाली, धूळ खात पडलेली असते. आधी तिथे हात घाला.

आमच्या केंद्राच्या वहीतले एक पान मी त्या वेळी उतरवून घेतले होते. त्यातल्या चार ओळी अशा आहेत : 'सायं. ६.०५ वीज गेली. ६.१९ इन्व्हर्टरवर सुरू, गाणे पहिल्यापासून लावले. ६.४० जात्यावरच्या ओव्या, थेट. दुसऱ्या ओवीनंतर मावशी रडल्या, दोन मिनिटे शांतता, तशीच जाऊ दिली.' या मावशी महाविद्यालयाच्या व्हरांड्यात झाडू मारणाऱ्या. त्यांचे नाव कुठल्याही निमंत्रणपत्रिकेवर नाही. आणि ती दोन मिनिटांची शांतता जाऊ देणारी निवेदिका बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. रेडिओवर शांतता म्हणजे अपघात, असे आम्ही तिला शिकवले होते आणि तिने ते ऐकले नाही. आमच्या केंद्राविषयी एकच गोष्ट सांगायची वेळ आली, तर मी ही सांगेन. ध्वनिमुद्रण नाही; या चार ओळी आहेत, म्हणून ती गोष्ट आहे.

दुसरी जागा म्हणजे परवान्याची फाइल. ती बहुधा प्राचार्यांच्या कार्यालयात नसून लेखा विभागात असते, कारण तिच्यात २५ हजार रुपयांच्या बँक हमीची कागदपत्रे असतात. मूळ अर्जात केंद्राचा समुदाय कोणता आणि त्याच्यासाठी कोणते कार्यक्रम करणार, हे लिहिलेले असते. तो अर्ज आणि लॉगबुक शेजारी शेजारी ठेवून वाचा. अर्जात 'शेतकरी, महिला आणि वंचित घटक' असतील आणि वहीत पानेच्या पाने चित्रपटगीतांची असतील, तर ती तफावत झाकू नका. धोरणानुसार निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार झालेले असायला हवेत. २००२चे धोरण शिक्षणसंस्थांपुरते होते. २००६मध्ये ते स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांपर्यंत विस्तारले, आणि तेव्हापासून महाविद्यालयाचे केंद्रही 'कॅम्पस'चे न राहता भोवतालच्या समुदायाचे झाले. कागदावर तरी झाले. आपल्या केंद्रात ते प्रत्यक्षात केव्हा झाले, किंवा झालेच नाही, हा आपल्या लेखाचा कणा ठरावा असे मी सुचवीन.

तारखांच्या बाबतीत सावध राहा. परवाना देण्याची तयारी कळवणाऱ्या इरादापत्राची तारीख, करारावर सह्या झाल्याची तारीख, बिनतारी विभागाच्या परवान्याची तारीख, चाचणी प्रसारणाची आणि उद्घाटनाची तारीख, अशा पाच तारखा निघतील आणि पहिल्या व शेवटच्या तारखेत कधी कधी वर्षे गेलेली असतील. स्मरणिकांमध्ये उद्घाटनाची तारीख छापण्याची रीत आहे. मी चाचणी प्रसारणाची तारीख धरीन, कारण त्या दिवशी कोणत्यातरी गावात कोणाच्यातरी फोनवर तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

तिसरी जागा म्हणजे माणसे. माजी निवेदकांना बोलवालच, पण इलेक्ट्रिशियनला विसरू नका. मनोऱ्यावर कितीदा वीज पडली आणि ट्रान्समीटर किती दिवस बंद होता, हे त्यालाच ठाऊक असते. प्रत्येकाला जुना मोबाइल शोधायला सांगा. आपण पहिल्यांदा रेडिओवर बोललो तो तुकडा आईने किंवा मित्राने घरी रेकॉर्ड करून ठेवलेला असतो, आणि केंद्राकडे नसलेली ध्वनिमुद्रणे अशीच दोन-दोन मिनिटांनी परत येतात. ती पाठवताना एकमेकांना फॉरवर्ड न करता मूळ फाइल द्यायला सांगा, म्हणजे आवाज आणखी बिघडणार नाही आणि शक्य तिथे मूळ दिनांकही कळेल.

भाषेचा प्रश्न लेखात जरूर आणा. स्थानिक भाषेला आणि बोलीला प्राधान्य द्यावे असे धोरण सांगते. पण आमच्याकडे एका मुलीने पहिल्या दिवशी 'काय करायलाव मंडळी?' अशी सुरुवात केली, तेव्हा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विभागात येऊन 'हे महाविद्यालय आहे' असे सुनावले होते. त्यानंतर तीन महिने आम्ही सगळे पुणेरी बोलत होतो. गोरमाटी (बंजारा बोली) आणि दखनी उर्दूतले कार्यक्रम सुरू व्हायला आणखी वेळ लागला. आपल्या केंद्रावर तांड्यावरची भाषा पहिल्यांदा कधी वाजली, हे लॉगबुकात सापडले, तर त्या दिवसाला स्वतंत्र परिच्छेद द्या.

जाहिरातींच्या नोंदीही पाहाव्यात. २००६मध्ये तासाला पाच मिनिटांची मुभा होती, अलीकडे ती बारा मिनिटांपर्यंत वाढली आहे. कोणत्या वर्षी मोंढ्यातल्या बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात होती आणि कोणत्या वर्षापासून शिकवणी वर्गांच्या जाहिराती वाढल्या, यावरून गावाचे बदलते अर्थकारण दिसते. यावर फार पाने खर्चू नयेत, एक तक्ता पुरे.

लेखन सुरू करण्यापूर्वी लॉगबुकच्या सगळ्या वह्यांची पाने मोबाइलने टिपून घ्या, त्यांच्या प्रती दोन वेगवेगळ्या जागी ठेवा आणि मूळ वह्यांना ग्रंथालयाचा दाखल क्रमांक देऊन टाका. आपण ग्रंथपाल आहात. एकदा क्रमांक पडला की ती वही रद्दीत काढायला ठराव लागतो.